शेडचं काम त्या वेल्डरला द्यायचं की नाही? (रत्नागिरी, सोसायटी ग्रुप)

सचिव: नमस्कार मंडळी. आगोट तोंडावर आली आहे. गच्चीच्या शेडचे दोन खांब बुडाशी गंजलेत, पत्र्याचे हूकही सुटलेत. ठेकेदाराने पाठवलेला वेल्डर शिक्षा भोगून आलेला आहे, म्हणून बी-१०२ वहिनींची हरकत आहे. आज काम थांबवलंय. आपलं मत इथेच मांडा.

बी-१०२ वहिनी: दिवसभर घरात मी आणि सासूबाई दोघीच असतो. गच्चीवर जायचा जिना आमच्या दारावरून जातो. माणूस कशासाठी आत होता, एवढं तरी विचारायला नको का?

सचिव: बांधावरून भावकीत मारामारी झाली होती, असं ठेकेदार म्हणतो. दुसरी कुठली केस नाही.

ए-३०१ काका: वहिनी, तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवण्यात नोकरी काढली, त्यामुळे काल वर जाऊन त्याचं काम बघून आलो. लोखंड चकाकेपर्यंत गंज घासलाय, मगच टाका मारलाय. स्लॅग, म्हणजे टाक्यावरची खपली, ठोकून काढून लगेच रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावलाय. आपल्या खाऱ्या हवेत हे केलं नाही तर खांब दोन पावसाळे काढत नाही. गंजावरच वेल्डिंग करून वर रंग फासणारे आपण पुष्कळ बघितलेत. हा हे काम आत शिकला.

सी-२०३ दादा: काका, काम चांगलं असेल. पण गुन्हा करणाऱ्याला सरकार फुकट शिकवणार आणि सरळमार्गी पोरांचे आईबाप फीसाठी कर्ज काढणार, हा कुठला न्याय? तुरुंग शिक्षेसाठी असतो.

ए-४०२ वकील ताई: दादा, कोर्टाने शिक्षा दिली आणि त्याने ती भोगली. आता आणखी किती भोगायची?
आणि आत असतात कोण, तेही बघा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. १०० जणांच्या जागेत १३१ जण. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नसते, त्यामुळे कारखान्यातलं कामही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. नुसते दिवस ढकलायचे. कित्येकांना तर जामीन मंजूर होऊनही सुटता येत नाही. मिरकरवाडा बंदरातला खलाशी सातबारावाला जामीनदार आणणार कुठून?

डी-१०१ आजोबा: माका इतक्याच कळता, माणसाक काम दिलास नाय तर तो जातलो खय?

सी-२०३ दादा: मग यावर सरकार काही करतं की नाही?

ए-४०२ वकील ताई: करतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या कायद्याचं, ४७९ कलम आहे. पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेत. गरीब कैद्याच्या जामिनासाठी पैशांच्या मदतीची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. पण आतल्या माणसाला हे सांगणारं आणि त्याचा कागद हलवणारं कोणीतरी लागतं. वकिली करताना मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

सी-१०४ काकू: माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचं. तिथे स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची खुली वसाहत आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली. कैदी बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. आम्हाला लहानपणी त्यांची भीती वाटायची नाही.

ए-३०१ काका: काकू, अगदी हेच. घर तुटलं नाही तर माणूस परत येतो.
मला मात्र शिकवण्याबद्दल बोलायचंय, कारण त्याचाच मला अनुभव आहे. एका कारागृहात मी वर्ग घ्यायचो. आपल्याकडे कैद्यांना वर्षानुवर्षं हातमाग, सुतारकाम, बेकरी हेच शिकवत आले. आत विणलेली सतरंजी उत्तम असते, पण सुटून गुहागरला गेलेल्याने हातमाग शोधायचा कुठे? कोकणातल्या माणसाला कोकणात चालेल ते शिकवा. बोटीचं डिझेल इंजिन, फायबरच्या होडीची दुरुस्ती, बर्फ कारखान्यातली यंत्रं, कलमांची छाटणी, कोकम-आंब्यावरची प्रक्रिया. बोटीवर खलाशी आणि बागेत राखणदार आपण नेपाळहून आणतो आणि इथलाच शिकलेला माणूस घरी बसतो.
आणि प्रमाणपत्रावर कारागृहाचं नाव अजिबात नको. माझ्या एका विद्यार्थ्याने सुटताना ते घडी घालून माझ्याच हातात दिलं. म्हणाला, "सर, हे तुमच्याकडेच ठेवा. हे दाखवलं तर कोणी कामावर घेणार नाही." पोरगा वर्गात पहिला आला होता.

सी-२०३ दादा: हे वाचून वाईट वाटलं. तरी ज्याला मार बसला, त्याच्या घरची विचारपूस कोण करतं?

ए-४०२ वकील ताई: फार कमी लोक करतात, तुमचं खरं आहे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पण लोकांना माहीतच नसतं. एकाला काम मिळालं म्हणून दुसऱ्याचा हक्क कमी होत नाही. दोन्ही मागू या.

बी-१०२ वहिनी: माझं एवढंच म्हणणं आहे. कामाची वेळ ठरलेली हवी, ठेकेदाराचा माणूस सोबत हवा आणि ओळखपत्राची प्रत सचिवांकडे हवी.

ए-३०१ काका: जरूर. पण हा नियम रंगारी, प्लंबर, केबलवाला सगळ्यांना लावा. त्याच्या एकट्यासाठी वेगळा नको.

बी-१०२ वहिनी: चालेल. मग माझी हरकत नाही.

सी-२०३ दादा: मला पूर्ण पटलेलं नाही. पण आडवा येणार नाही.

ए-३०१ काका: दादा, १ जूनपासून मासेमारी बंद होते, तुमच्या मेव्हण्यांची बोट वर ओढली की इंजिन उघडतील. माझ्या माहितीत आत इंजिनकाम शिकलेला एक जण आहे. त्यांच्याशी माझी गाठ घालून द्याल?

सी-२०३ दादा: नंबर पाठवतो. बोलून बघा, निर्णय त्यांचा.

सचिव: काम उद्यापासून सुरू. सकाळी ९ ते दुपारी १ आणि ३ ते ६. ठेकेदाराचा माणूस सोबत असेल. वहिनींचा नियम सूचना फलकावर लावतो. ठिणग्या उडतील, तेव्हा गच्चीवरचे कपडे आणि आमसुलांची वाळवण आज रात्रीच खाली आणा.