बेहेनट्रायमोनियम क्लोराइड केसांसाठी सुरक्षित आहे का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): आमच्याकडील बोअरिंगच्या पाण्याने लेकीचे केस सुतळीसारखे राठ होतात, म्हणून कंडिशनर आणले, पण बाटलीवर हे नाव वाचून मन धास्तावले. हे क्लोरीन तर नव्हे?

उत्तर १: नाही ताई, क्लोराइड मिठातही असते. ओल्या, झिजलेल्या केसांवर ऋण भार असतो. या रेणूचे धन भाराचे टोक तेथे चिकटते आणि त्याची २२ कार्बनांची लांब साखळी केसांमधील घर्षण कमी करते, म्हणूनच फणी अडकत नाही. धुऊन टाकायच्या केशप्रसाधनांत युरोपीय संघ ५ टक्क्यांपर्यंत मुभा देतो.

उत्तर २: डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार चुरचुरते. टाळू सोडून टोकांनाच लावावे, कारण झीज तेथेच अधिक असते.