सकाळचा वडापाव बंद करायचा की कढईतले तेल बदलायचे?

गिरगावकर:
काल एका सदस्याने येथे लिहिले की, स्टेशनबाहेर सकाळी वडापाव खाणारे लोक हृदयविकार विकत घेत आहेत आणि महापालिकेने या गाड्या सरसकट उठवाव्यात. हे वाचून गप्प बसवत नाही. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडापाव मिळू लागला आणि गिरणीत पाळीवर निघालेल्या माणसाला उभ्या उभ्या पोट भरता येऊ लागले. ती गरज आजही संपलेली नाही. माझ्या मते खरा धोका कढईत आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडून तयार होणारी द्रव्ये, साठत जातात आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८पासून देशभर लागू आहे. तो पाळून घ्या. गाडी उठवण्याची भाषा कशासाठी?

कोथरूडकर:
ती भाषा माझीच होती आणि मी तिच्यावर ठाम आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनाच त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. कोपऱ्यावरची गाडी त्यात येतच नाही. शिवाय तेल ताजे असले तरी मैद्याचा पाव, त्यात बटाटा आणि वर तळण, हे रोजच्या न्याहारीचे अन्न नव्हे. माझे वडील कचेरीत जाताना वर्षानुवर्षे हेच खात होते. पन्नाशीच्या आत मधुमेह जडला आणि पुढे पायाचे बोट काढावे लागले. घरी पोहे करायला दहा मिनिटे लागतात. तेवढीही सवड नाही, ही सबब मला पटत नाही.

डोंबिवलीकरीण:
ही दहा मिनिटे कोणाची, ते आधी सांगा. पहाटे पाणी भरायचे, दोन डबे करायचे, मुलाला शाळेसाठी उठवायचे आणि गर्दीची लोकल गाठायची, यात कांदा चिरून पोहे परतणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते आणि ती स्वतः मात्र उपाशीपोटी निघते. मी कित्येक वर्षे फलाटाबाहेरचा वडापाव खाऊनच कामावर उभी राहिले आहे. त्याला सबब म्हणणे हा अपमान आहे.

कोथरूडकर:
माझ्या घरी न्याहारी मीच करतो. बायकांनी करावी, असे मी लिहिलेले नाही. नसलेले शब्द माझ्या तोंडी घालू नका.

डोंबिवलीकरीण:
तुम्ही करता, हे चांगलेच आहे. पण एका खोलीत पाच-सहा जण मिळून राहणाऱ्या, गॅसची जोडणी नसलेल्या मुलांनी पोहे कशावर करायचे? घरचे अन्न उत्तम, हे त्यांनाही ठाऊक आहे. वाद परवडण्याचा आहे, अकलेचा नाही.

गिरगावकर:
चर्चा स्वयंपाकघरात गेली, तरी मी कढईकडे परत येतो. माझ्या मामांची भजीची गाडी होती. रात्री उरलेले तेल ते फडक्यातून गाळून डब्यात ठेवत आणि सकाळी त्यातच नव्या तेलाची भर घालून पहिला घाणा काढत. बेसनाचा चुरा तळाशी जळून काळा होई, तेलावर फेस चढे आणि ते हाताला चिकट लागे. तरीही तेल ओतून देणे त्यांना परवडत नसे. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजना २०१८मध्येच सुरू झाली. हे तेल लिटरमागे ठरलेल्या दराने थेट गाड्यांवरून उचलले, तर ते टाकून देण्यात विक्रेत्याचे नुकसान उरणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने तपासणीही पहाटे, घाणा चालू असताना करावी.

कोथरूडकर:
तेल उचलण्याची सूचना रास्त आहे आणि ती अमलात येणार असेल, तर गाड्या उठवण्याचा आग्रह मी सोडतो. रोजचा वडापाव निर्धोक आहे, हे मात्र मला मान्य नाही. गाडीवर उकडलेली अंडी, केळी किंवा इडलीही ठेवता येते; विक्रेत्याला त्यासाठी परवाना आणि थोडे भांडवल द्या.

डोंबिवलीकरीण:
वडापावच्याच किमतीत मिळाली तर इडली मी उद्यापासून घेईन.