मदत हवी आहे: पावसाळ्यात मॅट व्हार्निश मारल्यावर मालगाडीच्या वाघिणींच्या मॉडेलवर पांढरी साय आली

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि गेले वर्षभर एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, आपल्या रेल्वेच्या बॉक्सएन (कोळसा वगैरे वाहणाऱ्या उघड्या) वाघिणींच्या प्रतिकृती स्टायरीन या प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून घरीच तयार करतो आहे. मूळ वाघीण कपलरसह (डबे जोडण्याच्या कडीसह) १०,७१३ मिमी लांब आणि ३,२०० मिमी रुंद असल्यामुळे प्रतिकृती साधारण १२३ मिमी लांब आणि ३७ मिमी रुंद होते. (आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले १,६७६ मिमी अंतर या प्रमाणात १९ मिमीच्या थोडे वर जाते आणि बाजारात रूळ मिळतो तो १६.५ मिमीचा, त्यामुळे समोरून पाहिल्यास वाघीण अरुंद रुळावर उभी केल्यासारखी दिसते, हे मला मान्य आहे. तो वाद कृपया येथे नको.)

पहिली वाघीण फेब्रुवारीत पुरी झाली. रेडऑक्साइड रंग, त्यावर बारीक कुंचल्याने लिहिलेले आकडे, मग पातळ केलेल्या तपकिरी ऑइल पेंटचे ओघळ आणि शेवटी सँडपेपरवर घासून काढलेली सॉफ्ट पेस्टलची पूड, असा क्रम ठेवला होता. बाल्कनीत उभे राहून मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि वाघीण मनासारखी धुळकट दिसू लागली.

दुसरी आणि तिसरी वाघीण गेल्या आठवड्यात याच क्रमाने केली. दिवसभर पाऊस होता, संध्याकाळी थोडी उघडीप मिळाली. आर्द्रतामापकावर ८८ टक्के दिसत होते. माझे टेबल बेडरूममध्ये आहे आणि तेथे एसी चालू असतो. पुन्हा सर येईल या धास्तीने दोन्ही वाघिणी तेथून उचलून थेट बाल्कनीत नेल्या आणि लगेच स्प्रे मारला. पाचच मिनिटांत दोन्हींवर दुधावरच्या सायीसारखा थर दिसू लागला. डबा नीट हलवला गेला नसावा असे समजून मी तिसरीवर आणखी एक हात मारला, तर ती अधिकच पांढरी झाली. आता आकडे धुक्यातून वाचावे लागतात.

खालचे आकडे आणि ओघळ न बिघडवता ही साय काढता येते का? आणि पेस्टलची पूड पावसाळ्यात पक्की कशी करावी, की करूच नये? शिवाय माझा गंज जरा केशरी दिसतो असे घरच्यांचे मत आहे, त्यावरही कोणी बोलले तर बरे होईल.

प्रतिसाद, ऐरोलीहून:

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे, ते म्हणजे एसी. एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर जसे धुके साचते, तसेच गार झालेल्या वाघिणीवर बाष्प साचते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. त्यावर स्प्रेमधले द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग आणखी गार करते, आणि ते पाणी व्हार्निशच्या थरात अडकून पांढरे दिसते. फेब्रुवारीत हवा कोरडी होती आणि बहुधा एसीही बंद होता.

आधी एक चाचणी करा. वाघिणीच्या तळाशी, जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, खाद्यतेलाचा एक थेंब बोटाने लावा. पांढरेपणा तेवढ्यापुरता नाहीसा झाला, तर वाघीण वाचेल. तेल सौम्य साबणाने पुसून घ्या, कोरड्या दिवसाची वाट पाहा आणि त्याच कंपनीच्या ग्लॉस व्हार्निशचा अगदी हलका फवारा द्या. त्यातल्या द्रावकाने वरचा थर पुन्हा सैल होतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. वाघीण त्याआधी किमान दोन तास बाल्कनीतल्याच हवेत ठेवा. आणि कृपा करून दारे-खिडक्या लावून एसीच्या खोलीत स्प्रे मारू नका, ही द्रावके ज्वालाग्राही असतात.

प्रतिसाद, नेरुळहून:

वरील उपाय योग्य आहे, पण मुळात पुडीवर व्हार्निश कशासाठी? व्हार्निश बसले की पेस्टलची पूड निम्मी नाहीशी होते आणि उरलेली गडद पडते, मग आपण पुन्हा पूड लावतो आणि पुन्हा फवारतो. मी व्हार्निश आकडे लिहून झाल्यावर एकदाच मारतो, ओघळ आणि पूड त्यानंतर देतो, आणि वाघीण उचलताना दोन्ही बोगींना (खालच्या चाकांच्या चौकटींना) धरून उचलतो. पावसाळ्यात तर स्प्रेला हातच लावत नाही. पाण्यात विरघळणारे मॅट ॲक्रिलिक व्हार्निश रुंद कुंचल्याने लावतो.

गंजाबद्दल घरच्यांचे बरोबर आहे. केशरी रंग ताज्या गंजाचा असतो आणि तो अगदी थोड्या जागी शोभतो. मुरलेला गंज गडद, जवळजवळ चॉकलेटी असतो. दिवा स्थानकाच्या फलाटावर तासभर उभे राहून वसईकडे आणि पनवेलकडे जाणाऱ्या मालगाड्या नीट पाहा. गंज सरसकट नसतो, तो दरवाजांच्या खालच्या कडेला आणि उभ्या पट्ट्यांच्या जोडांवर, म्हणजे पाणी थांबते तेथे, सुरू होतो. आतली बाजू कोळशाने आणि टिपलरवर (वाघीण उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्रावर) उलटी होऊन होऊन इतकी घासली जाते की तेथे रंग शोधावा लागतो. चाकांची बाजू ब्रेकच्या धुळीने तपकिरी होते, पण रुळावर टेकणारी कड मात्र लखलखीत राहते. पुष्कळ जण तीही रंगवतात आणि मग मॉडेल चालतच नाही. आणखी एक: नंतरच्या बॉक्सएन-एचएल या प्रकाराची वरची पेटी स्टेनलेस स्टीलची असते, त्यामुळे तसा आकडा लिहिला असेल तर त्यावर एवढा गंज दाखवणे चुकीचे ठरेल.

धागाकर्ता, दहा दिवसांनी:

दोघांचेही आभार. आकडे साध्या बॉक्सएनचेच आहेत, तेवढे वाचलो. तेलाची चाचणी दोन्हींवर यशस्वी झाली. रविवारी सकाळी ऊन पडले, आर्द्रता ७० च्या खाली आली, तेव्हा दोन्ही वाघिणी बाल्कनीत ठेवून ग्लॉसचा हलका फवारा दिला. दुसरी वाघीण जवळजवळ पूर्ववत झाली. आता चकाकते आहे, ती चकाकी कुंचल्याच्या मॅट व्हार्निशने मारतो.

तिसरीवर व्हार्निशचे दोन जाड थर असल्यामुळे कोपऱ्यांत आणि पट्ट्यांच्या मागे साय तशीच आहे. चुनखडी वाहणारी वाघीण म्हणून खपवावी असा मोह झाला होता, पण भुकटी आडव्या कडांवर साचते आणि माझी साय उभ्या पत्र्यावरही एकसारखी आहे, त्यामुळे कोणीही लबाडी ओळखेल. आता ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून रंग पूर्ण काढावा असे ठरते आहे. स्टायरीनला त्याने अपाय होत नाही आणि सांधे प्लॅस्टिक जोडण्याच्या द्रवरूप सिमेंटने वितळवून जोडलेले असल्याने तेही टिकतील. मात्र पायऱ्या आणि ब्रेकची कांडी मी फेविक्विकने चिकटवली आहे. रात्रभर बुडवून ठेवल्यास ते जोड सुटतील का, की दर अर्ध्या तासाने बाहेर काढून टूथब्रशने घासावे?