बर्फाने लगडलेली झाडं आणि लाल फळं: फोटो राखाडी येऊ नयेत म्हणून काय करायचं?

मांजराकाठ (लातूर)
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नारकंड्याला जायलोय. सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत, पुढे कालका आणि शिमला. मला बर्फातल्या माणसांचे नाही, झाडांचे फोटो पाहिजेत. बर्फ साचलेले देवदार आणि फांदीवर बर्फाची टोपी घातलेली लाल फळं. जवळ साधा डीएसएलआर, किटबरोबर येते ती १८-५५ लेन्स आणि एक मोबाईल एवढंच आहे. बर्फाचे बहुतेक फोटो मळकट राखाडी आणि लाल रंग काळपट का दिसतो? निघायच्या आधी इकडेच काही सराव करता येईल का? आणि हिवाळ्यात तिकडं लाल फळं नेमकी कशाची असतात?

गोदाकाठचा छायाचित्रकार (नांदेड)
भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या मीटरमध्ये आहे. समोर काहीही असलं तरी ते मध्यम राखाडी आहे असं धरूनच मीटर उजेड मोजतं. चौकटभर बर्फ आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कमी करतं. त्यामुळे बर्फ सिमेंटसारखा येतो आणि त्याच्याबरोबर लाल फळही वाळल्या कुंकवासारखं काळवंडतं. उपाय उलटा वाटतो, पण तोच खरा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यावरची +/- ची सेटिंग) वाढवायचं. ढगाळ असेल आणि चौकटीत अर्धा बर्फ असेल तर +१ पासून सुरुवात करा. बर्फच बर्फ असेल तर +१.७ ते +२. मागं देवदाराचं काळं खोड मोठं आलं तर वाढवायची गरज जवळजवळ नसते.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून ठरवू नका, बर्फाच्या चकाकीत पडदा फसवतो. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडं आणि उजेड उजवीकडं दाखवणारा आलेख. ढीग उजवीकडं सरकलेला पाहिजे, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. चिकटला तर बर्फाचा पोत गेला आणि तो नंतर संगणकावरही परत येत नाही. लाल फळावर थेट ऊन असेल तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडा. बाकी दोन रंग ठीक असतानाही लाल आधी फुटतो आणि फळ प्लॅस्टिकच्या मण्यासारखं सपाट दिसतं. म्हणून फळांसाठी ढगाळ वेळच चांगली. जमलं तर रॉ मध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

सावलीतला बर्फ निळा येतो, कारण त्याच्यावर फक्त आकाशाचा उजेड पडतो. तिथं व्हाइट बॅलन्स (रंगछटा सुधारणारी सेटिंग) 'शेड'वर ठेवा. पण निळाई पूर्ण पुसू नका, थंडी त्या निळ्यातूनच जाणवते.

सराव इथं होतो, आणि मस्त होतो. वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर पाच-सहा पिकलेली लाल बोरं ठेवा. ढीग सावलीत असू द्या. ०, +०.७, +१.३, +२ असे चार फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणत्या आकड्यावर कापसाचे तंतू दिसतात आणि बोराचा लाल जिवंत वाटतो ते हाताला कळून जाईल. कापूस थोडा पिवळसर असतो, त्यामुळे रंगाचा निर्णय मात्र त्याच्यावरून घेऊ नका.

मोबाईलवर बर्फावर बोट ठेवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर ओढायचं. बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात.

रानफूल (छत्रपती संभाजीनगर)
फळांबद्दल मी सांगते. शिमल्याच्या परिसरात उतारांवर आणि कुंपणांत लाल-केशरी घोसांनी भरलेलं काटेरी झुडूप दिसेल. कुमाऊंत त्याला घिंगारू म्हणतात. फळ वाटाण्याएवढं, पान हिवाळ्यातही हिरवं, त्यामुळे लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही रंग एकाच फांदीवर मिळतात. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं झुडूप कोटोनिअॅस्टर. फरक हाताने कळतो: घिंगारूला काटे असतात आणि पानाची कड बारीक दातेरी असते, कोटोनिअॅस्टरला काटे नाहीत आणि कड सरळ. घिंगारू जास्त उंचीवर जात नाही, म्हणून ते शिमल्याच्या खालच्या उतारांवर शोधा. नारकंडा २,७०० मीटरच्या आसपास आहे, तिथं झाडं बघायची: देवदार, कैल (पाइन), रई (स्प्रूस), तोस (फर).

बर्फ त्या प्रत्येकावर वेगळा बसतो. देवदाराच्या फांद्या आडव्या, फळीसारख्या, त्यामुळे थरावर थर साचतात. रईच्या बारीक फांद्या खाली लोंबतात, तिच्यावर बर्फ झालरीसारखा. सफरचंदाची बाग तेव्हा निष्पर्ण असते आणि प्रत्येक काडीवर एकच पांढरी रेघ. मला ही रेघ देवदारापेक्षाही सुंदर वाटते, आणि लोक तिच्याकडं बघतही नाहीत.

दाट केशरी मण्यांनी फांदी झाकलेले फोटो बघितले असतील तर ती छरमा, म्हणजे सी-बकथॉर्न. ती लाहौल, स्पिती, लडाखकडची, नारकंड्याला शोधू नका. तिची फळं पिकल्यावर सहज गळत नाहीत, म्हणून ऐन थंडीतही फांदीला तशीच चिकटून असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते: ओळख पटल्याशिवाय कुठलंही लाल फळ तोंडात घालू नका. तिकडं ज्याला रखाल किंवा थुनेर म्हणतात त्या झाडाच्या लाल गराच्या आतली बी विषारी असते. पक्ष्यांनी खाल्लं म्हणजे माणसाला चालतं असं नसतं.

पहाटदव (परभणी)
वरच्या दोघांचं बरोबर आहे, वेळेचं राहिलं. बर्फ शून्य अंशाच्या आसपास पडला तर ओलसर असतो आणि बारीक काडीला, फळालाही चिकटतो. फार थंडीतला कोरडा बर्फ भुरभुरीत, वाऱ्याच्या एका झुळकीत झाड मोकळं. म्हणून रात्री बर्फ पडून वारा थांबला असेल तर उजाडायच्या आत रानात पोहोचा. ऊन झाडावर आलं की अर्ध्या-एक तासात ढेकळं खाली यायला लागतात. लगडलेल्या फांदीखाली ट्रायपॉड लावू नका, तुम्हीही उभे राहू नका.

पडतं बर्फ पकडायचं असेल तर मागं गडद झाडी पाहिजे. आकाशापुढं पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही. शटर १/२५० सेकंदाला ठेवलं तर कण ठिपक्यासारखे थांबतात, १/३० ला रेघा होतात.

थंडीत बॅटरीच्या आतली क्रिया मंदावते. मोबाईल चाळीस टक्के दाखवत असतानाच बंद पडू शकतो. जादा बॅटरी आतल्या, अंगालगतच्या खिशात ठेवा. संपलेली बॅटरी गरम केली की थोडी परत चालते, म्हणून ती टाकून न देता तिलाही आतच ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान परतल्यावर होतं. गार कॅमेरा हीटरच्या खोलीत नेला की त्याच्यावर, आणि लेन्सच्या आतसुद्धा, दव धरतं. बाहेर असतानाच कॅमेरा जिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, मग आत न्या आणि दोन तास उघडू नका. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायची घाई होणार नाही.

मांजराकाठ (लातूर)
सगळ्यांचे आभार. १८-५५ ने फळांच्या जवळ कसं जायचं? आणि निघायच्या आधी इकडं फळावर खरं दव असं काही मिळेल का?

पहाटदव (परभणी)
५५ वर ठेवा, छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६, आणि लेन्स जिथपर्यंत फोकस धरते तिथपर्यंत पुढं जा, साधारण फूटभर. मागची झाडी दूर असेल तर आपोआप पुसट होते. श्वास नाकाने आणि बाजूला सोडा, नाहीतर फळावरची बर्फाची टोपी वितळते आणि लेन्सही धुरकट होते. लेन्सवर बर्फ पडला तर तोंडाने फुंकू नका, ती वाफ तिथंच गोठते. रबरी ब्लोअर वापरा.

इकडचं म्हणाल तर थंडीत परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी पावणेसात ते साडेसात बोरीच्या झाडाशी उभे राहा. सूर्य फांदीच्या मागं ठेवा. बोराच्या देठाशी दवाचा थेंब लटकलेला असतो, त्याच्यावर फोकस करा, बोरावर नाही.

रानफूल (छत्रपती संभाजीनगर)
कुंपणावर गुंजेची वेल असेल तर तीही बघा. शेंगा वाळून उकलल्या की काळ्या डोळ्याचे लाल दाणे शेंगेच्या कडेला चिकटून दिसतात. तेही विषारी, लहान पोरांच्या हाती देऊ नका. शेंगेची आतली बाजू फिकट असते, तिथं +०.३ पुरतं.