२८ मिमीच्या सैनिकांशेजारी आगगाडी कोणत्या स्केलची मांडावी?

शिपाईगडी (धागाकर्ता):
युद्धखेळाच्या पटावर २८ मिमी उंचीचे छोटे सैनिक असतील, तर त्यांच्या शेजारची आगगाडी ओ स्केलची, म्हणजे १:४८ (खऱ्या गाडीच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढी) किंवा फार तर १:४३.५ ची असावी, असे माझे मत आहे. हे मत अनेकांना पटत नाही, म्हणूनच हा धागा काढला आहे. बहुतेक जण एचओ (१:८७) किंवा डबल ओ (१:७६) घेऊन मोकळे होतात, कारण त्या गाड्या सर्वांत सहज मिळतात. मीही प्रथम डबल ओची एक मालवाघीण आणली होती. तिच्या शेजारी शिपाई उभा केला तेव्हा फारसे खटकले नाही; पण त्याला वाघिणीच्या दारात उभा करायला गेलो आणि त्याची टोपी छपराच्या वर निघाली. कारण अगदी साधे आहे. वाघिणीची जमीन रुळापासून सुमारे १६ मिमी उंच, छप्पर सुमारे ४८ मिमीवर, आणि आपला शिपाई बेससकट (पायांखालच्या चकतीसकट) ३४ मिमीचा.

त्यानंतर मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि दोन मीटर उंचीचे दार प्रत्येक स्केलमध्ये किती भरते, याच्या खुणा तिच्यावर केल्या: एचओमध्ये २३ मिमी, डबल ओमध्ये २६, एसमध्ये (१:६४) ३१ आणि १:४८ मध्ये ४२. ही पट्टी शिपायाशेजारी धरली की पहिल्या तीन दारांतून तो वाकल्याशिवाय आत जाणार नाही, हे कोणालाही दिसते. इंजिन खरोखर केवढे असते, याचा डोळ्यांना नेमका अंदाज नसतो, कारण इंजिने लहान-मोठी असतातच. दार मात्र आपण रोज ओलांडतो, त्यामुळे तिथली चूक लगेच टोचते.

एसवाला:
धागाकर्त्यांची पट्टी मान्य, निष्कर्ष अमान्य. २८ मिमी हे माप बहुतेक शिल्पकार तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात. त्या हिशेबाने प्रमाण साधारण १:५६ येते, कारण २८ गुणिले ५६ म्हणजे १५६८ मिमी आणि ही माणसाच्या डोळ्यांची उंची म्हणून चालण्यासारखी आहे. हेच माप डोक्यापर्यंत धरले, तर १:६४ ला माणूस १७९२ मिमीचा, म्हणजे उंच पण अगदी शक्य कोटीतला होतो. १:५६ शी तुलना केली, तर एस स्केलची गाडी साडेबारा टक्के लहान ठरते, १:४८ ची जवळजवळ १७ टक्के मोठी आणि १:४३.५ ची तर २९ टक्के मोठी. मग जवळची सोडून दूरची का निवडायची? एसच्या गाड्या मिळत नाहीत, हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. अमेरिकन फ्लायर या खेळण्यांच्या गाड्यांच्या ब्रँडने १९४६ पासून १:६४ च्या गाड्या काढल्या आणि त्या जुन्या बाजारात आजही सापडतात. शिवाय तीन रुळांवर धावणाऱ्या ओ-२७ प्रकारच्या जुन्या खेळण्यांतले पुष्कळ डबे नावाला ओ असले, तरी आकाराने १:६४ च्या आसपासच असतात.

शिपाईगडी:
आकडे बरोबर आहेत, पण त्यांत बेस धरलेला नाही. दोन-तीन मिमी जाडीच्या बेसवर चढवलेला आणि हात-डोके मुद्दाम ठसठशीत घडवलेला शिपाई कागदावर १:५६ चा असला, तरी पटावर त्याहून मोठाच दिसतो. म्हणून चूक करायचीच असेल, तर ती मोठ्या गाडीच्या बाजूने करावी.

अरुंदरूळ:
दोघेही प्रमाणित गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या १४३५ मिमी अंतराच्या, पलीकडे पाहतच नाहीत याचे मला नवल वाटते. एचओ आणि डबल ओ या दोहोंचा रूळ १६.५ मिमी गेजचा असतो. हाच रूळ १:६४ ला १०५६ मिमी भरतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील केप गेज होता १०६७ मिमी. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी तिथल्या चीव्हलीजवळ बोअरांनी (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांनी) ब्रिटिशांची जी चिलखती गाडी अडवली आणि जिच्यातील तरुण वार्ताहर विन्स्टन चर्चिल कैद झाले, ती याच गेजवर धावत होती. बोअर युद्ध मांडणाऱ्याने स्वस्तातले एचओचे रूळ टाकावेत, एचओचा सांगाडा आणि चाके घ्यावीत आणि वरचा डबा प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः बांधावा. १:४८ ला तोच रूळ ७९२ मिमी होतो, म्हणजे अडीच फुटी अरुंद मार्गाच्या बराच जवळ जातो, आणि त्या प्रमाणात तयार डबेही मिळतात. वळणे आखूड घेता येतात, हा फायदा वेगळाच.

शिपाईगडी:
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि बोअर युद्धापुरता तो मला पूर्ण मान्य आहे. मात्र याच न्यायाने रशियन यादवी युद्धातील चिलखती गाड्यांसाठी ओ स्केलला तोड नाही, हेही मान्य करावे लागेल. ओचा रूळ सव्वा इंची असतो. १:४८ ने गुणल्यास तो बरोबर पाच फूट, म्हणजे १५२४ मिमी होतो, आणि त्या काळी तोच रशियन गेज होता. अमेरिकी प्रमाणित गेजसाठी हा रूळ जरा रुंद पडतो, ही तक्रार जुनी आहे. रशियासाठी मात्र तोच दोष गुण ठरतो.

मोजपट्टी:
दारे आणि रूळ मोजून झाले असतील, तर आता टेबलही मोजावे. नेहमीचा पट साधारण १.८ मीटर लांब असतो. वीस मीटरचा डबा १:४८ ला ४१७ मिमी होतो. असे तीन डबे आणि तेवढ्याच लांबीचे इंजिन जोडले, तर १६७० मिमी संपतात आणि पटावर गाडीखेरीज काही उरत नाही. त्यातही ज्या खेळात बंदुकीचा पल्ला जेमतेम वीतभर धरलेला असतो, तिथे जमिनीचे प्रमाण सैनिकांच्या प्रमाणापेक्षा मुळातच कितीतरी लहान असते. मग एकट्या गाडीनेच सैनिकांशी इमान का राखावे? लांबीने आखूड अशी डबल ओची गाडी त्या जमिनीला अधिक साजेशी आहे. आणि आगगाडी हाच लढाईचा केंद्रबिंदू असेल, तर सैनिकच बदलावेत: १:७२ चे सैनिक डबल ओशेजारी बेमालूम बसतात आणि १० मिमीच्या पलटणी एन स्केलशेजारी (१:१६०) इतक्या शोभतात की पटावर अख्खे जंक्शन मांडता येते.

शिपाईगडी:
रंगवून ठेवलेल्या दोनशे सैनिकांना निवृत्त करण्याचा सल्ला देणे सोपे आहे. लांबीच्या आक्षेपावर उपाय मात्र आहे. वीस मीटरचे डबे घ्यावेत असा नियम कुठेच नाही. सात मीटरची दोन आसांची मालवाघीण १:४८ ला १४६ मिमी होते. आठ मीटरचे शंटिंग इंजिन आणि अशा दोन वाघिणी मिळून गाडी साडेचारशे मिमीच्या आसपास राहते आणि ती पटाच्या चौथाई लांबीत मावते. राहिला प्रश्न खेळाचा. माझे सैनिक २५ मिमीच्या गोल बेसवर आहेत. अडीच मीटर रुंदीची उघडी वाघीण डबल ओमध्ये ३३ मिमी, एसमध्ये ३९ आणि १:४८ ला ५२ मिमी रुंद असते. म्हणजे ओमध्ये दोन शिपाई शेजारी-शेजारी उभे राहून दोन्ही बाजूंना गोळीबार करू शकतात. एसमध्ये दुसऱ्याचा अर्धा बेस बाहेर लोंबतो आणि डबल ओमध्ये एकाच शिपायावर भागवावे लागते.

एसवाला:
वाघिणीतले आठ-दहा शिपाई बेस न लावता वेगळे ठेवले, तर हा मुद्दा निकाली निघतो. ते उतरले की बेसवरचे शिपाई पटावर आणावेत. मी गेली काही वर्षे असेच करतो.

शिपाईगडी:
तसे करता येईल. मात्र त्यासाठी तेच आठ-दहा शिपाई दोनदा रंगवावे लागतील, आणि तेवढ्या वेळात माझी आणखी एक वाघीण बांधून होईल.