मदत हवी आहे : बाबांची मेटोप्रोलॉलची गोळी

बाबा ६४ वर्षांचे, दारव्हा तालुक्यात शेती. मागच्या वर्षी अटॅक आला, तेव्हापासून मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी) सुरू आहे. आता कापूस वेचताना तासाभरात धुऱ्यावर बसतात, हात गार पडतात, नाडी ५२ भरते. "या गोळीनंच अंगातला जीव गेला, बंद करतो" म्हणतात. एकदम सोडली तर छातीतलं दुखणं उलटतं, पुन्हा अटॅकही येऊ शकतो, म्हणून पाकीट मीच जवळ ठेवलंय. त्यांना शुगरही आहे. या गोळीनं शुगर उतरल्याची धडधड कळत नाही, घाम तेवढा फुटतो. त्याचीच जास्त भीती वाटते. यवतमाळच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर काय दिसलं तर न थांबता न्यावं? कुणाच्या घरी डॉक्टरांनी डोस कमी करून दिला का? सांगा जी.