उपल, ओपल आणि गार

प्रश्न : दागिन्यांतल्या 'ओपल'ला मराठीत 'उपल' म्हणावं का?

उत्तर : मी 'ओपल'च लिहीन. संस्कृतात 'उपल' म्हणजे मुळात नुसता दगड. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात 'उपलप्रक्षिणी' आई येते, ती दगडाने धान्य दळणारी. 'रत्न' हा अर्थही पुढे त्याला मिळाला. ग्रीक 'ओपालिओस' आणि लॅटिन 'ओपालुस' बहुधा त्यावरूनच आले. आज मात्र 'उपल' म्हटल्यावर नेमका हाच खडा कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही.

मला यात फार आवडतं ते वेगळंच. संस्कृतात आभाळातून पडणारी गार म्हणजे 'वर्षोपल'. मराठीतही पावसातली ती 'गार' आणि गारगोटीचा दगडही 'गार'च. गारगोटी सिलिकाची, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याची, ओपलही सिलिकाचाच, पण त्याच्या पोटात पाणी असतं, बहुधा 3 ते 10 टक्के. मोत्याचं 'पाणी' म्हणजे तेज, इथे मात्र खरंखुरं पाणी!

प्रश्न : मग 'क्षीरस्फटिक' कसा वाटतो?

उत्तर : नको. ओपल स्फटिक नाहीच. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं की मौल्यवान ओपलमध्ये सिलिकाच्या एकसारख्या, अतिसूक्ष्म गोळ्या शिस्तीत रचलेल्या असतात. त्यांच्यामुळे प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो वेगवेगळ्या रंगांत फाकतो, आणि खडा हलवला की रंग पालटतात. गोळ्या लहान असतील तर निळा-जांभळा, मोठ्या असतील तर लालही. याला 'चमक' म्हणणं तोकडं पडतं. चमक पैलू पाडलेल्या काचेलाही असते. 'रंगक्रीडा' हा शब्द मला नेमका वाटतो.

शिवाय 'क्षीर' शोभेल ते ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीच्या पांढऱ्या ओपलला. तिथल्याच लाइटनिंग रिजच्या काळ्या ओपलला ते कसं म्हणणार? मेक्सिकोचा अग्नी ओपल तर अंगचाच केशरी-लाल, त्यात पुष्कळदा रंगक्रीडा नसतेही. इथिओपियातल्या वेलोचा ओपल बऱ्याचदा पाणी शोषून पारदर्शक होतो आणि वाळला की पूर्ववत; त्याला 'जलशोषी' म्हणावं.

प्रश्न : आणि 'डबलेट'?

उत्तर : 'जोडखडा'. ओपलची पातळ चकती गडद पाठीवर चिकटवलेली असते. वर पारदर्शक टोपी बसवली की 'ट्रिपलेट'. पाठ काळी असली म्हणून त्याला 'काळा ओपल' लिहू नये. तो शब्द ज्याचा अंगचा रंगच गडद आहे, त्याच खड्याचा.